हिरवी पाऊणटनी

टॅमरॅक फाटा, अलास्का
९ जून १९८६

प्रिय बाबा,

आमची पिकअप मेली. बर्फ वितळून रस्त्यांचा चिखल झाला त्या आठवड्यात शाळेच्या चढावर इंजिनातून असा आवाज आला, की आत कुणीतरी लोखंडी कपाट पाडलंय. गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं, आत बघितलं, टोपी काढून हातात घेतली आणि बॉनेट हळूच बंद केलं.

आता सप्टेंबरच्या आत दुसरी घ्यायला हवी. मूस हरणाची शिकार सप्टेंबरच्या पहिल्या तीन आठवड्यांतच करता येते. घोड्याहून उंच जनावर ते, एक मिळालं की सबंध हिवाळा निघतो. नाहीतर दुकानातलं गोठलेलं मांस खायचं, जे तुम्ही एकदा चाखलंत तर पोस्टाने परत पाठवाल. म्हणजे गाडी अशी हवी, की भरलेला ट्रेलर ओढील, ओढ्यातून आणि दगडगोट्यांतून जाईल आणि मरणाच्या थंडीत कुरकुर न करता सुरू होईल. डीन म्हणाला, तुझ्या बाबांनी जन्मभर बर्फ काढायचा ट्रक चालवलाय, त्यांना विचार. तो कामात आहे म्हणून मीच लिहितेय.

इथे दोन गाड्या विकायला आहेत. एक अर्धा टन ओझ्याची, म्हणजे अर्धाटनी, लाल, चकचकीत, आपोआप गिअर बदलणारी. फाट्यावरच्या एका विमानवाल्याची. दुसरी पाऊणटनी, हिरवी, हाताच्या गिअरची, रस्ते खात्यातून निवृत्त झालेल्या एका म्हाताऱ्याची. हिरवीला चाकांवर गंज आहे आणि ती दिसायला अगदी रागावलेल्या बेडकासारखी आहे. डीनला लाल आवडलीय. काय करू?

तब्येत कशी आहे? मागच्या पत्रात अक्षर फार मोठं काढलं होतंत. कागद स्वस्त झाला का मिनेसोटात?

तुमची,
मॅरिट


नॉर्डल, मिनेसोटा
२० जून

प्रिय मॅरिट,

लाल गाडी आवडणाऱ्या माणसाला शिकारीला पाठवू नये, नाचाला पाठवावं. हे डीनला वाचून दाखव.

अर्धाटनी ट्रेलर ओढील, नाही असं नाही. सपाटीवर सगळ्याच ओढतात. उतारावर मागून वजन ढकलायला लागलं म्हणजे गाडीचं खरं रूप कळतं. गाडी हलकी आणि ट्रेलर जड असला, की कोण कुणाला नेतंय तेच समजत नाही. आणि तुमच्याकडच्या उतारांना खाली तळ नाही, असं मी ऐकून आहे.

डीनला सांग, चाकांवरचा गंज बघू नको, तो सगळ्यांनाच येतो. गाडीखाली उताणा झोप आणि हातोडीने चासीवर, म्हणजे खालच्या सांगाड्यावर, ठोकत जा. टणटण वाजली तर ठीक. कुठे बद्द आवाज आला, की ऊठ, कपडे झटक आणि घरी जा. इंजिन सुरू करायच्या आधी बॉनेटवर हात ठेवायचा. गरम लागलं, तर मालकाने तू यायच्या आधीच सुरू करून ठेवलंय. थंड इंजिन कसं सुरू होतं ते त्याला दाखवायचं नाहीये. चारही चाकांना जोर देणारा फोर-व्हीलचा दांडा टाकून चिखलात घालून बघायची. डांबरी रस्त्यावर फिरवून आणली तर काही कळत नाही.

हे सगळं डीनने स्वतः लिहून विचारलं असतं तर मला बरं वाटलं असतं. लग्नाला चार वर्षं झाली, त्याचं अक्षर मी अजून पाहिलेलं नाही.

तब्येत ठणठणीत. रविवारी शेजारच्या गुड्रनच्या गाडीतून चर्चला गेलो होतो. पाद्रीबुवा नेहमीसारखेच लांबले.

बाबा


टॅमरॅक फाटा
२ जुलै

प्रिय बाबा,

लाल गाडी बघायला गेले. बॉनेटवर हात ठेवला. गरम! त्या विमानवाल्याकडे बघितलं तर म्हणतो, "ऊन पडलंय ना, बाई." वर आभाळ इतकं भरलेलं, की कुत्रीसुद्धा घरात बसली होती. मी म्हटलं, "सावलीत गार होऊ द्या, मी थांबते." तर म्हणाला, "त्यापेक्षा नवऱ्याला घेऊन या, पुरुषांची बोलणी लवकर होतात." मी निघून आले.

हिरवीचा मालक ऑरव्हिल. त्याने विचारलं, "खाली जायचंय? मग हे घे," आणि स्वतःच मला अंथरायला पुठ्ठा दिला. सगळीकडे टणटण वाजली, फक्त मागच्या बाजूला एका जागी जरा संशय आला. क्लच इतका जड आहे की माझी मांडी दुखायला लागली.

बाबा, एक विचारू? तुमची निळी गाडी अंगणात उभीच असते ना? ती आम्हाला द्याल का? हिरवीच्या त्या एका जागेवर माझा जीव बसत नाही. तुमच्या गाडीचा एकेक नट तुम्ही फिरवलेला आहे. महामार्गाने कुणीतरी घेऊन येईल, इकडे येणारे खूप असतात. आणि तुम्ही तर हल्ली गुड्रनबाईंच्या गाडीतून हिंडता म्हणे! आई गेल्यापासून एवढी चांगली बातमी आली नव्हती.

तुमची,
मॅरिट


नॉर्डल
१४ जुलै

प्रिय मॅरिट,

निळी गाडी नाही देता येणार. ती तिकडच्या कामाची नाही. विषय संपला.

गुड्रनबद्दल वेडंवाकडं लिहू नकोस. ती पत्रं पेटीतून काढून आणते आणि पाकिटाच्या मागे काही लिहिलेलं असलं तर वाचते.

हिरवीच्या त्या संशयाच्या जागी डीनला स्क्रूड्रायव्हर खुपसून बघायला सांग. आत गेला तर नको. नाही गेला तर घ्या. त्याला वेळ कधी असतो?

बाबा


टॅमरॅक फाटा
२६ जुलै

बाबा,

स्क्रूड्रायव्हर आत गेला नाही. हिरवी घेतली.

निळी गाडी का देत नाही ते मला कळलंय. तुमचा डीनवर विश्वास नाही, पहिल्यापासून नव्हता. तसं सरळ लिहायचं होतं. "तिकडच्या कामाची नाही" म्हणे! तीच गाडी तुम्ही गोठलेल्या तळ्यावर घालत होता आणि मी मागच्या हौद्यात बसून ओरडत होते.

एवढं एक सांगा आणि मग नका लिहू पाहिजे तर. ट्रेलर जोडताना मागे हात दाखवायला कुणी नसेल, तर गाडीचा हूक बरोबर ट्रेलरच्या दांड्याखाली कसा आणायचा? मी काल अख्खी संध्याकाळ गाडीतून उतरत होते आणि चढत होते. एकदा दांडा नंबरप्लेटमध्ये घुसला.

आणि सीट पुढे सरकवायचा खटका गंजलाय, त्याला काय लावायचं?

मॅरिट


नॉर्डल
६ ऑगस्ट

प्रिय मॅरिट,

मागच्या काचेच्या मधोमध चिकटपट्टीचा उभा तुकडा लाव. ट्रेलरच्या दांड्याला एक उंच काठी बांध, तिच्या टोकाला लाल चिंधी. मागे येताना चिंधी पट्टीच्या रेघेत ठेवायची. स्टिअरिंग बोटभरच फिरव, जास्त नाही. काठी थरथरली, की थांब. खटक्याला रॉकेल लाव आणि रात्रभर ठेव.

तुझं पत्र मी सकाळपासून पुन्हा पुन्हा वाचतोय. डीन माझ्याहून वीतभर उंच आहे. त्याला सीट मागे लागेल, पुढे नाही. आणि घरात दोन माणसं असताना ट्रेलर जोडायला हात दाखवणारं कुणी का नाही?

मॅरिट, डीन कुठे आहे?

बाबा


टॅमरॅक फाटा
१७ ऑगस्ट

प्रिय बाबा,

डीन एप्रिलमध्ये गेला. कोडियाकला मासेमारीच्या बोटीवर कामाला जातो म्हणाला. मे महिन्यात त्याचं पत्र आलं. तिथे एक बाई आहे आणि तो परत येणार नाही. भांडण वगैरे काही झालं नाही. जाताना त्याने माझ्यासाठी लाकडंसुद्धा फोडून ठेवली होती. तेव्हा मला वाटलं, किती काळजी घेतो!

तुम्हाला कळवलं नाही, कारण तुम्ही "घरी ये" म्हणाला असता. आणि मी कदाचित आलेही असते. मला यायचं नाहीये, बाबा. हे घर मी बांधलंय, छपरावर पत्रे ठोकताना डीन खाली उभा राहून सूचना करत होता. शाळेत मी स्वयंपाक करते. पोरं ताटात काही टाकत नाहीत. इथे मला आवडतं. पण रात्री लाकडाच्या ढिगाकडे बघितलं, की मनात एकेक यायला लागतं. शिकार नाही मिळाली तर? गाडी मध्येच बंद पडली तर? मी आजारी पडले तर कुणाला कळेल?

शिकारीला मी ओपलबरोबर जाणार आहे. ती इथलं पोस्ट बघते, साठीची आहे, रायफल माझ्यापेक्षा चांगली चालवते आणि गप्प बसणं तिला माहीत नाही. पहाटे ओढा ओलांडून पलीकडच्या विलोच्या झुडपांच्या रानात जायचं, संध्याकाळच्या आत परत. हिमनदीचा ओढा आहे, दुपारनंतर पाणी वाढतं.

काठी आणि चिंधीची युक्ती जमली. कृपा करून "घरी ये" लिहू नका.

तुमची,
मॅरिट


नॉर्डल
२८ ऑगस्ट

प्रिय मॅरिट,

घरी ये.

हे एकदा लिहून टाकलं, आता पुढचं लिहितो. पाण्यात गाडी घालायच्या आधी स्वतः काठी घेऊन चालून जा. पुढच्या दोन्ही चाकांच्या मधल्या चकत्या, म्हणजे हब, काठावरच हाताने फिरवून लॉक कर, तरच ती चाकं ओढतात; पाण्यात उतरून ते करायची वेळ आली तर फार उशीर झालेला असतो. पाण्यात गेल्यावर गिअर बदलायचा नाही, क्लच दाबायचा नाही. सरळ समोरच्या काठाकडे जायचं नाही. प्रवाहाच्या अंगाने थोडं तिरकं खाली जायचं. ट्रेलर बाजूला ओढायला लागला, तर ब्रेक न लावता गॅसचं पेडल थोडं जास्त दाब, ट्रेलर आपोआप मागे ओळीत येतो. मी हे तीस वर्षं केलंय.

डीनबद्दल मला जे वाटतं ते पोस्टातून पाठवता येत नाही. कायदा आहे.

परत आलीस, की त्याच दिवशी पत्र टाक. ओपलच्या हातात पोस्टच आहे, तिला सांग.

बाबा


नॉर्डल
१९ सप्टेंबर

मॅरिट,

अजून पत्र नाही. गुड्रन रोज पेटी बघते आणि अंगणातूनच मान हलवते. तुमच्या पोस्टात फोन केला, कुणी उचलत नाही. ओपल पोस्टात का नाही?

एक ओळ टाक. "आहे" एवढंच लिही.

बाबा


टॅमरॅक फाटा
२२ सप्टेंबर

प्रिय बाबा,

आहे. तुमचं १९ चं पत्र अजून हातात नाही, पण गुड्रनबाईंनी शाळेत फोन करून त्यातलं सगळं सांगितलं होतं, तो निरोप काल मिळाला. ओपल दवाखान्यात होती म्हणून पोस्ट बंद होतं. आता सगळं क्रमाने सांगते.

पहाटे ओढा गुडघाभर होता. ट्रेलरसकट सहज पलीकडे गेलो. उजाडल्यावर विलोच्या रानात मूस दिसला, चरत होता. ओपल कुजबुजली, "तू मार. माझा खिसा भरलेला आहे, तुझं फडताळ रिकामं आहे." मी रायफल एका फांदीवर टेकवली. एकाच गोळीत पडला. मग मी खाली बसून रडले, आणि ओपल म्हणाली, "रडून घे, पण सुरी चालू दे, माशा येतात."

सगळं सोलून, तुकडे करून वाहून न्यायला दुपार झाली. वरच्या बाजूला पाऊस लागलेला दिसत होता. शेवटची मांडी उचलून आणताना ओपल ओल्या शेवाळावरून घसरली. तिच्या पायातून कडकन आवाज आला, तो मला ऐकू आला. घोट्याचं हाड मोडलं होतं. मी तिला ओढत गाडीत घातलं. ती शिव्या देत होती तोवर मला धीर होता. गप्प झाली तेव्हा मी घाबरले.

ओढ्यावर आलो तर पाणी मांडीपर्यंत चढलेलं, राखेच्या रंगाचं, तळ दिसत नाही. काठी घेऊन चालून गेले. आतले धोंडे गडगडत होते, त्यांचा आवाज पायाच्या हाडांत येत होता. परत आले, दोन्ही हब लॉक केले, गाडीत बसले. मागे ट्रेलरमध्ये माझा सगळा हिवाळा. तुमचं पत्र मला पाठ होतं. तिरकं खाली जा, गॅस दे, ट्रेलर ओळीत येतो. मी पहिला गिअर टाकला. आणि माझ्याने क्लच सुटेना.

ओपलने विचारलं, "काय झालं?"

म्हटलं, "बाबा म्हणतात, ट्रेलर ओळीत येतो."

ती म्हणाली, "तुझे बाबा इथे आहेत का? तुला काय वाटतं?"

मला वाटत होतं, की तो ओळीत येणार नाही. तो पाण्यात आडवा होईल आणि आम्हाला घेऊन जाईल.

मी उतरले आणि ट्रेलर सोडवला. पिन निघेना, दगडाने ठोकून काढली. मांसावर ताडपत्री बांधली, दोऱ्या आवळल्या, आणि ते सगळं तिथेच काठावर सोडून नुसती गाडी पाण्यात घातली. पाणी दारातून आत आलं, पायाशी खेळायला लागलं. मध्यावर गाडी एकदा सरकली, टायरखालचे गोटे निसटल्यासारखे वाटले, आणि मग पुढच्या चाकांनी काहीतरी धरलं. मी क्लच दाबला नाही. त्या बेडकाने आम्हाला काठावर नेलं, पाणी ओकत ओकत चढावर चढला आणि दवाखान्यापर्यंत एकदाही खोकला नाही.

पाणी उतरायला दोन दिवस लागले. मी एकटीच गेले. अस्वलाने ताडपत्री फाडून टाकली होती. मांसाचं फारसं काही उरलं नव्हतं, जे होतं ते हात लावण्यासारखं नव्हतं. दुसऱ्या मुसाची वाट बघायला सुट्टीही नव्हती, ओपलला सोडून जाता येत नव्हतं, आणि हंगाम संपला.

तुम्हाला पत्र टाकलं नाही कारण काय लिहू कळेना. तुम्ही जे सांगितलं होतं ते मी केलं नाही, आणि हिवाळा घालवून बसले.

मॅरिट


नॉर्डल
३ ऑक्टोबर

प्रिय मॅरिट,

हे अक्षर गुड्रनचं आहे, शब्द माझे. जिथे तिने स्वतःचं घुसडलं असेल तिथे तुला कळेलच. (मी काही घुसडत नाहीये. गुड्रन.)

तुझं पत्र तिने मला वाचून दाखवलं. कारण मला वाचता येत नाही. मार्चपासून समोर बघितलं, की बरोबर मध्यावर राखी डाग येतो. कडेकडेचं दिसतं. समोरच्या माणसाचे कान दिसतात, तोंड नाही. तुझी पत्रं मी भिंग घेऊन, मान वाकडी करून, एकेक अक्षर जुळवत वाचत होतो, आणि माझी मोठमोठ्या अक्षरात लिहीत होतो. डॉक्टर म्हणाले, परत येणार नाही. लायसन्स त्यांनी घेतलं. निळी गाडी एप्रिलमध्येच विकली. अंगणात उभी दिसायची ते बघवेना. तू मागितलीस तेव्हा ती नव्हतीच. तुला सांगितलं असतं, तर तू सगळं सोडून माझ्याकडे आली असतीस, आणि मला ते नको होतं. आता वाटतं, आपण दोघंही एकसारखेच गाढव आहोत. (हे खरं आहे. गुड्रन.)

आता त्या ओढ्याचं. मी असतो तर ट्रेलर जोडूनच पाण्यात घातला असता. तीस वर्षं मी बर्फ काढला तो सपाट रस्त्यावर, मागे ट्रेलर घेऊन मांडीभर पाण्यातून मी एकदाही गेलेलो नाही. जे लिहिलं ते आत्मविश्वासाने लिहिलं, कारण काळजीत असलं की मला हुकूम सोडल्याशिवाय राहवत नाही. तू माझं ऐकलं असतंस, तर आज गुड्रन मला दुसऱ्याच कुणाचं पत्र वाचून दाखवत असती. काल रात्रभर मी तोच ओढा बघत होतो. डाग वगैरे काही नाही, लख्ख दिसत होता.

"घरी ये" हे मी परत घेतो.

त्याच्या जागी दुसरं विचारतो. मी तिकडे येऊ का? इथे मला घर पाठ आहे म्हणून मी चालतो, बाकी माझं काही काम उरलेलं नाही. तिकडे मी शेगडीत लाकूड घालीन, भांडी घाशीन, तू यायला उशीर केलास तर दार उघडून उभा राहीन. शिकारीला माझा उपयोग नाही. गाडी चालवता येणार नाही. अडचण होत असेल तर सरळ लिही, मी रागावणार नाही. (रागावतील. पण दोन दिवसांत उतरेल. गुड्रन.)

बाबा


टॅमरॅक फाटा
१४ ऑक्टोबर

प्रिय बाबा, आणि गुड्रनबाई, तुम्ही हे मोठ्याने वाचणार म्हणून तुम्हालाही नमस्कार,

पत्र मी पोस्टातच उभ्या उभ्या वाचलं. ओपल कुबड्यांवर उभी राहून विचारत होती, "काय, काय लिहिलंय?" आणि शेवटी तिने ते माझ्या हातातून घेऊन स्वतःच वाचलं. मग म्हणाली, "म्हाताऱ्याला पोस्टात पाठव. मला शिक्के मारायला कुणीतरी हवंय, शिक्का मधोमध नाही बसला तरी चालतो."

हिवाळ्याची काळजी करू नका. करालच, पण थोडी कमी करा. मांस गेलं हे फाट्यावर सगळ्यांना कळलं. गेल्या आठवड्यात मी शाळेतून आले तर ओट्यावर कुणीतरी कागदात गुंडाळून मुसाची बरगडी ठेवून गेलं होतं. दुसऱ्या दिवशी साल्मन मासा. ऑरव्हिल स्वतः एक अख्खी मांडी घेऊन आला आणि दारातूनच म्हणाला, "गाडी पाण्यात घातलीस असं ऐकलं. मागच्या चाकांचं तेल बदल, नाहीतर माझ्या गाडीची वाट लावशील." अजून माझी गाडी म्हणतो! दोघांना पुरेल एवढं झालंय. मोजलेलं नाही, पण फडताळाचं दार लागत नाही.

मला अजून भीती वाटते, बाबा. रोज वाटते. वारा सुटला की वाटते, गाडी सुरू करताना वाटते. आता तुम्ही येणार, तर तुमचीही वाटणार: पायरीवर बर्फ जमेल, तुम्ही पडाल, मी शाळेत असेन. हे सगळं घाबरणं मी रात्री अंथरुणात एकदा करून घेतलं. तरी या.

नोव्हेंबरच्या आत या, म्हणजे रस्ता उघडा असेल. अँकरेजच्या विमानतळावर मी येईन. तुम्हाला मला शोधावं लागणार नाही, मी जवळ येऊन हाक मारीन. तिथून घर दिवसभराच्या अंतरावर आहे. तुम्ही बाजूच्या सीटवर बसाल. कडेकडेचं दिसतं म्हणता ना, मग तिथून मी तुम्हाला चांगली दिसेन. समोरचा रस्ता मी बघते.

आणि घाटाच्या उतारावर तुम्ही ब्रेक असल्यासारखा उजवा पाय जोरात खाली दाबाल, हे मला आत्ताच माहीत आहे. खुशाल दाबा. तिथे पत्रा जाड आहे.

तुमची,
मॅरिट